आम्लरेखन आणि युद्धाचा पुरावा : जाक कालोच्या एका चित्रमालेचा विचार

तीस वर्षांच्या युद्धाचा (१६१८-१६४८) विषय निघाला की एका विशाल वृक्षाला लटकलेल्या प्रेतांचे चित्र हमखास समोर येते. नान्सी येथील जाक कालो (१५९२-१६३५) याच्या, १६३३ मध्ये पॅरिसला प्रकाशित झालेल्या १८ चित्रांच्या मालेतील हे ११ वे चित्र होय. निरपराध रयतेच्या छळाचा पुरावा म्हणून ते दाखविण्याचा मोह होतो. हे वाचन कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर आम्लरोधक लेप देऊन त्यावर सुईने रेघा ओढतात. उघड्या पडलेल्या धातूवर आम्लाची क्रिया होऊन खाचा पडतात आणि त्यांत शाई भरून छाप घेतात. पूर्वीचा मेणाचा मऊ लेप सहज निघे व रेघ बिघडे. कालोने तंतुवाद्ये घडविणारे कारागीर वापरीत तसले कठीण वॉर्निश स्वीकारले. दूरच्या आकृती थोडा वेळ आम्लात ठेवून लेपाने झाकावयाच्या व जवळच्या अधिक खोल होऊ द्यावयाच्या, या रीतीने त्याने अंतराचा आभास साधला. अब्राहम बॉस याने १६४५ च्या आपल्या ग्रंथात कालोच्या या पद्धतीचे विवेचन केले.

या तंत्रामुळे जेमतेम ८ सेंटिमीटर उंचीच्या पट्टीत शेकडो माणसे स्पष्ट उमटली. चित्राचा अर्थही याच बारकाव्यांत दडलेला आहे. झाडाखाली शिस्तीत उभी असलेली पलटण, शिडीवरचा धर्मोपदेशक आणि खालील पद्यात फाशी गेलेल्यांसाठी आलेला ‘चोर’ हा शब्द पाहिला, म्हणजे हे लुटारू सैनिक आहेत हे कळते. मालेचा क्रमही तेच सांगतो : सैन्यभरती, लढाई, लूटमार, मग शिक्षा, शेतकऱ्यांचा सूड आणि अखेरीस राजाने वाटलेली बक्षिसे.

याचा अर्थ कालोला रयतेच्या दुःखाची जाणीव नव्हती, असा नव्हे; ५ व्या चित्रातील लुटले जाणारे घर पुरेसे बोलके आहे. मात्र ११ वे चित्र प्रामुख्याने लष्करी शिक्षेचे आहे. क्रमिक पुस्तकात ते एकटे व आकाराने लहान करून छापले, की क्रम, पद्य आणि बारकावे तिन्ही लोपतात. मग शिक्षा भोगणारा लुटारूच बळी ठरतो. म्हणून चित्राला साधन मानणाऱ्या अभ्यासकाने त्याचे तंत्र व मालेतील स्थान प्रथम तपासले पाहिजे.