जपानी पोर्सलीन चहासंचांवरील मुद्रा

जुन्या जपानी चहासंचातील किटली, कप व बश्या यांच्या बुडाशी असणारी निर्मात्याची वा देशाची खूण. ती छापलेली, हाताने रंगवलेली किंवा क्वचित कोरलेली असते. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्याने मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे झाल्यावर ‘निप्पॉन’ हा शब्द रूढ झाला. १९२१ पासून त्याची जागा ‘जपान’ने घेतली. ‘ऑक्युपाइड जपान’ अशी अक्षरे असलेला माल दोस्तराष्ट्रांच्या अंमलाखालील (१९४५–५२) होय. नागोया येथील नोरिताके कारखान्याच्या (स्थापना १९०४) अनेक संचांवर पानांच्या वेढ्यात रोमन ‘एम’ हे मोरिमुरा घराण्याचे आद्याक्षर आढळते. कुतानी भांड्यांवर हे नाव बहुधा लाल रंगात, चित्रलिपीत लिहिलेले असते. निप्पॉन मुद्रेच्या नकला बाजारात असल्याने मुद्रेबरोबरच माती, झिलई व रंगकामही तपासावे लागते.