स्मार्टफोन अपडेट : नवी सुविधा आणि दर्जा यांचा मेळ

स्मार्टफोन विकला गेल्यानंतर त्याच्या कार्यप्रणालीत उत्पादक कंपनी इंटरनेटवरून जे बदल पाठवते, त्यांना ‘अपडेट’ म्हणतात. अपडेटमधून साधारणपणे तीन गोष्टी येतात : नव्या सुविधा, जुन्या चुकांची दुरुस्ती आणि सुरक्षेसाठीचे बदल. त्या बहुतेक वेळा एकाच गाठोड्यात बांधून येतात आणि या विषयातले बरेचसे वाद त्या गाठोड्यापाशीच सुरू होतात. ज्याला फक्त सुरक्षा हवी असते त्यालाही नवी चिन्हे, नवा मेनू आणि त्यांच्याबरोबर येणारा जडपणा घ्यावा लागतो. ‘अपडेट मारला आणि मोबाईल हँग व्हायला लागला’ ही नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात रोज ऐकू येणारी तक्रार असते. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी तिचे वजन शहरापेक्षा जास्त असते, कारण घरात अनेकदा एकच चांगला फोन असतो आणि शाळा, बँक, रेशन, शेत सगळे त्यावरच चालते.

नव्या सुविधेकडे पारडे झुकते, याचे कारण व्यापारी आहे. नवा फोन ठरलेल्या तारखेला बाजारात आणायचा असतो, त्याची जाहिरात आधीच तयार असते आणि त्यात सांगितलेली सुविधा त्या दिवशी चालू असावी लागते. चूक मात्र पुढच्या महिन्यातही दुरुस्त करता येते. शिवाय दुरुस्त केलेल्या चुकांची जाहिरात करता येत नाही. केली तर चुका होत्या हे मान्य करावे लागते. अँड्रॉइडच्या बाबतीत साखळीही लांब आहे : गूगल मूळ प्रणाली तयार करते, चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपशी जुळवते, मग फोनची कंपनी आपला साज चढवते आणि आपल्या प्रत्येक मॉडेलवर तपासते. महागड्या मॉडेलवर ही तपासणी मन लावून होते. आठ-दहा हजारांच्या मॉडेलची पाळी शेवटी येते, आणि कधी कधी येतच नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण २०१४ चे आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या अँड्रॉइड ५.० (लॉलिपॉप) या आवृत्तीत प्रणालीचा मूळ मेनू प्रथमच मराठीत मिळाला. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम आणि बंगाली या भाषाही त्याच वेळी आल्या. तोवर अँड्रॉइडमध्ये मूळची भारतीय भाषा हवी असेल तर हिंदीवर भागवावे लागे. ‘सेटिंग्ज’ची पाटी मराठीत दिसणे ही किरकोळ गोष्ट नव्हती. पण त्याच आवृत्तीत मेमरीच्या गळतीचा दोष होता. एखादा प्रोग्राम कामापुरती मेमरी घेतो आणि काम झाले की परत करतो. ती परत केली गेली नाही तर फोन जितका वेळ चालू राहील तितकी रिकामी जागा कमी होत जाते. सकाळी बरा चालणारा फोन संध्याकाळी कीबोर्ड उघडायलाही वेळ लावतो, आणि बंद करून चालू केला की पुन्हा दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक. हा दोष मार्च २०१५ मध्ये आलेल्या ५.१ या आवृत्तीत हाताळला गेला. गूगलचा २०१२ सालचा नेक्सस ७ हा टॅब तर लॉलिपॉपनंतर इतका मंदावला की अनेकांनी तो जुन्या आवृत्तीवर परत नेला. त्या काळचे बहुतेक स्वस्त फोन ४.४ वरच अडकले. त्यांना गळती लागली नाही, मात्र ही मूळची मराठीही मिळाली नाही.

भारतीय लिप्यांचे असे आणखी एक प्रकरण नांदेडच्या सीमेपलीकडच्या लिपीतून आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील ‘ज्ञा’ हे जोडाक्षर एका विशिष्ट रूपात आयफोनवर निरोप म्हणून पाठवले की तो निरोप दाखवणारे अ‍ॅप कोसळे. सूचनेत ते अक्षर आले तर फोनच नव्याने सुरू होई. देगलूर-बिलोली भागात तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ आहेत. म्हणजे इथे हा दोष अडगळीतला नव्हता. मोझिलात काम करणारे अभियंते मनीष गोरेगावकर यांनी त्याची चिरफाड करून दाखवले की अक्षरांचा विशिष्ट क्रम जुळला तर बंगाली आणि देवनागरीतही तेच घडते. त्यामागे जोडाक्षर, जोड रोखणारे अदृश्य चिन्ह आणि स्वर यांचे गणित होते. अ‍ॅपलने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी आयफोनच्या प्रणालीची आयओएस ११.२.६ ही आवृत्ती देऊन तो मिटवला. नवे इमोजी आणण्याच्या घाईत असलेल्या कंपनीच्या चाचणीयादीत कोट्यवधी लोकांचे जोडाक्षर नसावे, यातून दर्जाची चाचणी कोणाच्या हाताने आणि कोणाच्या भाषेत होते ते कळते.

चुकीचा अपडेट मागे घ्यावा लागल्याची उदाहरणे मोठ्या कंपन्यांच्या खाती भरपूर आहेत. अ‍ॅपलचा आयओएस ८.०.१ हा २४ सप्टेंबर २०१४ रोजी आला आणि तासाभरातच मागे घेतला गेला, कारण नव्या आयफोन ६ वर मोबाईलचे नेटवर्कच जात होते आणि बोटाचा ठसा चालत नव्हता. गूगलने डिसेंबर २०२१ चा पिक्सेल ६ चा अपडेट कॉल तुटण्याच्या तक्रारींमुळे थांबवला. त्याआधी मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडचा ‘वेबव्ह्यू’ नावाचा एक छोटा घटक एकट्याने अपडेट झाला आणि जगभर जीमेलसह असंख्य अ‍ॅप उघडता उघडता बंद पडू लागली.

वेबव्ह्यूचा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण उद्योगाने शोधलेला मुख्य उपाय नेमका त्याच जातीचा होता : मोठा अपडेट फोडून लहान तुकड्यांत देणे. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ हा अँड्रॉइडमधला गंभीर दोष उघडकीस आल्यावर गूगल आणि सॅमसंग यांनी सुरक्षेचे अपडेट दर महिन्याला देण्याची पद्धत सुरू केली. २०१७ मध्ये ‘ट्रेबल’ या रचनेने चिपशी संबंधित भाग मूळ प्रणालीपासून वेगळा काढला आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरमार्फतच बदलता येऊ लागले. अ‍ॅपलनेही मे २०२३ पासून फक्त सुरक्षेचे झटपट अपडेट देऊन पाहिले. त्यांतला जुलै २०२३ चा १६.५.१ (ए) हा मजेशीर अपघात ठरला. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला आपली ओळख सांगतो. त्या ओळखीत कंसातले ते अक्षर घुसले आणि फेसबुकसारखी संकेतस्थळे आयफोनला ओळखेनाशी झाली. दोन दिवसांत (सी) नावाने नवा अपडेट द्यावा लागला. सुरक्षा वेगळी काढणे हाच योग्य मार्ग आहे, पण तोही चाचणीशिवाय सुरक्षित होत नाही.

दुसरा उपाय म्हणजे काही काळ नव्या सुविधांना आवर घालणे. आयओएस ८ केबलशिवाय थेट फोनवर उतरवायला साडेचार जीबीच्या वर मोकळी जागा लागे आणि १६ जीबीच्या आयफोनवाल्यांना फोटो पुसावे लागत. पुढच्या वर्षी आयओएस ९ ने ही गरज सव्वा जीबीच्या आसपास आणली. २०१७ हे वर्ष अ‍ॅपलला चुकांनी गाजले. त्यानंतर आयओएस १२ मध्ये कंपनीने वेग हाच मुख्य विषय केला : जून २०१८ मध्ये मांडणी करताना नव्या फोनऐवजी चार वर्षे जुन्या आयफोन ६ प्लसचे आकडे दाखवले गेले, कीबोर्ड ५० टक्के आणि कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत लवकर उघडतो असे सांगितले गेले आणि २०१३ चा आयफोन ५एसही यादीत ठेवला गेला. या लेखकाच्या मते अलीकडच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा अपडेट होता. जुन्या फोनवर मोजमाप करण्याची ती रीत पुढे टिकली असती तर बरे झाले असते.

मुखेड तालुका बालाघाटच्या रांगांतला, वाड्या-तांड्यांचा. इथे फोन बदलण्याची वेळ बहुधा तो पडला किंवा बंद पडला की येते. नवे मॉडेल आले म्हणून कोणी बदलत नाही. त्यामुळे अपडेटचा दर्जा इथे सरकारी कामाशी जाऊन भिडतो. ई-पीक पाहणी हे अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाले. सोयाबीन, कापूस, तूर यांची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, फोटोसह करायची. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२२ पासून, दुसरी आवृत्ती आली. तिच्यात फोटो शेताच्या मध्यापासून किती दूर काढला ते दाखवणारी सोय होती, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे चुकलेली नोंद ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्त करण्याची मुभा होती. वापरणाऱ्याच्या चुका पाहून केलेला असा बदल नवी सुविधाही असतो आणि दर्जाही. मात्र नव्या आवृत्तीबरोबर जुने अ‍ॅप काढून नवे घ्या, पुन्हा नोंदणी करा, ओटीपीची वाट पहा हेही आले. ज्याच्या फोनची साठवण व्हिडिओंनी भरली आहे, ज्याच्या वाडीवर नेटचा एकच दांडा दिसतो, त्याचा दिवस बांधावर जातो.

१७ आणि १८ ऑगस्ट २०२५ च्या दरम्यान मुखेड तालुक्यात अतिवृष्टी होऊन हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली ही गावे पाण्यात सापडली, माणसे दगावली. खरिपाच्या पीक पाहणीचे तेच दिवस होते. राज्यात पाहणीची मुदत पुढे वाढवावी लागली. पाण्याखाली गेलेल्या शेतात उभे राहून फोटो काढा, असे सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये अपवादाची वाट किती रुंद ठेवायची, हा प्रश्न तंत्राचा कमी आणि नियोजनाचा अधिक आहे. पण उत्तर शेवटी अपडेटमधूनच द्यावे लागते.

अंगणवाडीचा अनुभव त्याहून कडू आहे. पोषण अभियानात २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या लाखावर सेविकांना स्मार्टफोन मिळाले. रॅम होती २ जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्राने आधीचे अ‍ॅप बाजूला सारून ‘पोषण ट्रॅकर’ आणले. ते जड होते, सुरुवातीला इंग्रजीत होते आणि फोनची वॉरंटी संपत आली होती. फोन तापत, अडकत आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच माथी येई. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. नव्या सुविधेचा भार जुन्या यंत्रावर टाकल्याबद्दल वापरणाऱ्यांनी एकजुटीने यंत्रच परत करावे, हे उदाहरण जगातही विरळाच असावे. ट्रॅकरमध्ये नव्या सुविधांची भर पुढेही थांबली नाही. जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची सोय सक्तीची झाली आणि ताईंना पुन्हा नेटवर्क शोधत दारोदार उभे राहावे लागले.

कायद्याचा हात या विषयापर्यंत उशिरा पोहोचला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अपडेटमुळे जुने फोन मंदावल्याबद्दल अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखादे मॉडेल बाजारातून निघाल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट द्यावे लागतात. कंपन्यांनीही वर्षे वाढवली आहेत : पिक्सेल ८ (ऑक्टोबर २०२३) आणि गॅलक्सी एस २४ (जानेवारी २०२४) यांना सात वर्षांचा शब्द आहे, अर्थात त्यांच्या किमती मुखेडच्या बाजारातल्या नेहमीच्या खरेदीच्या कितीतरी पट आहेत. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयओएस १८ नंतरच्या तक्रारींवरून अ‍ॅपलला नोटीस दिल्याचे ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे अ‍ॅप नव्या फोनमध्ये आधीपासून आणि आधीच तयार होऊन विक्रीच्या साखळीत असलेल्या फोनमध्ये अपडेटद्वारे घालण्याचा आदेश काढला. ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेतला. कंपनीची सुविधा, सरकारची सुविधा आणि मालकाची गरज अशी तिहेरी ओढाताण त्या पाच दिवसांत उघडी पडली.

मे २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मोबाईल व टॅबसाठी दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक सुचवला आहे. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, फोन उघडण्याची सुलभता यांच्या जोडीने सॉफ्टवेअर अपडेट हाही त्यातला एक निकष आहे, आणि हे गुण विक्रीच्या जागी व खोक्यावरच्या क्यूआर कोडमधून गिऱ्हाइकाला दिसावेत अशी शिफारस आहे. नको असलेला अपडेट काढून टाकण्याची वाट मात्र अजून अरुंदच आहे. अ‍ॅपल जुन्या आवृत्तीला काही दिवसांत मान्यता देणे थांबवते, आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही मागच्या आवृत्तीवर जाणे रोखलेले असते. जिथे ते रोखलेले नाही तिथे दुरुस्तीवाला ‘सॉफ्टवेअर मारून’ देतो आणि आधीच विचारून घेतो की आतले फोटो, नंबर दुसरीकडे काढून ठेवलेत का, कारण त्यानंतर फोन कोरा होऊन हातात येतो.