जुन्या गाडीचा टेंपरेचर काटा विचित्र वागतोय? इंजिन खोलण्याआधी एवढं तपासा

उन्हाळा, लग्नसराई आणि घाटाचा रस्ता एकत्र आले की गॅरेजसमोर बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसायला लागतात. त्यात मारुती ८००, ओम्नी, जुनी सुमो, बोलेरो यांचाच भरणा जास्त. काटा लाल पट्ट्याकडे गेला की मालकाच्या पोटात गोळा येतो आणि मिस्त्री म्हणतो, "हेड खोलावं लागेल." काही वेळा ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष इंजिनात नसून एखाद्या वायरीत, थर्मोस्टॅटमध्ये नाहीतर ढिल्या झालेल्या बेल्टमध्ये असतो.

आधी नेहमीचं वागणं काय ते बघा. थंड इंजिन चालू केल्यावर काटा हळूहळू चढतो, मध्याच्या थोडा खाली किंवा मध्यावर येऊन थांबतो आणि तिथेच राहतो. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तेव्हा पाणी रेडिएटरकडे फिरायला लागतं. आपल्या गाडीचा काटा रोज कुठे थांबतो हे ठाऊक असेल तर बिघाड लवकर लक्षात येतो.

चावी फिरवताच काटा टोकाला

रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन थंडगार, आणि चावी ऑन करताच काटा सरळ लाल पट्ट्यात. इंजिन दोन सेकंदांत तापत नाही, म्हणजे हा दोष वायरिंगचा. जुन्या गाड्यांत इंजिनावर एका वायरीचा सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो, जास्त करंट वाहतो आणि काटा चढतो. ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली की काटा टोकाला जातो. उंदरांनी वायर कुरतडणं हे आपल्याकडचं नेहमीचं कारण.

उलट काटा जागचा हलतच नसेल तर सेन्सरची वायर निघाली आहे का ते बघा. अशा एका वायरीच्या जुन्या गाडीत मिस्त्री सोपी परीक्षा करतात. चावी ऑन ठेवून सेन्सरची वायर काढायची आणि क्षणभर इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायची. काटा चढला तर मीटर आणि वायर ठीक, सेन्सर गेलेला. क्षणभर म्हणजे क्षणभरच; जास्त वेळ धरली तर मीटर जळू शकतो. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाड्यांत हा प्रयोग अजिबात करू नये.

टेंपरेचर आणि डिझेल-पेट्रोल, दोन्ही काटे एकाच वेळी चुकीचे दाखवत असतील तर इंजिनाला हात लावायची गरज नाही. मीटरची अर्थिंग किंवा त्याला मिळणारा सप्लाय तपासून घ्यावा.

उभी असताना चढतो की पळताना?

हा प्रश्न मिस्त्रीने विचारलाच पाहिजे, नाही विचारला तर आपण सांगावं. बाजारात, फाटकावर गाडी उभी असताना काटा चढतो आणि रस्त्याला लागल्यावर उतरतो, तर संशय पंख्यावर. मारुती ८०० सारख्या गाडीत पंखा विजेवर चालतो, त्यामुळे फ्यूज, स्विच आणि मोटर बघावी. इंजिनच्या बेल्टवर चालणारा पंखा असेल तर बेल्ट ढिला आहे का ते पाहावं.

चढावर किंवा वेगात पळताना चढत असेल तर रेडिएटर चोंदलाय, पाणी कमी आहे किंवा वॉटर पंप नीट पाणी फिरवत नाही. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की केटलीत जमतो तसा पांढरा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत जमतो. बाहेरून जाळीत भुसा, चिखल, किडे बसतात ते वेगळंच.

काटा चढला आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवा लागला तर गाडी लगेच थांबवा. अनेक गाड्यांत वॉटर पंप आणि बॅटरी चार्जिंग एकाच बेल्टवर असतं. तो तुटलेला असण्याची शक्यता मोठी.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय

गाडी गरम झाली की थर्मोस्टॅटच काढून फेकायची पद्धत गावोगाव आहे. रात्री अडकलेली गाडी घरी आणायला ठीक, पण कायमचा उपाय म्हणून चूक. इंजिन पुरेसं तापत नाही, काटा खालीच राहतो, गाडी जास्त तेल खाते आणि इंजिनाची झीज वाढते. अडकला आहे का हे कळणं सोपं आहे: काटा वर, वरचा होज पाईप कडक गरम आणि खालचा थंड, तर थर्मोस्टॅट उघडत नसावा. काढून पातेल्यात पाण्यात टाका आणि पाणी तापवा. उकळी येण्याआधी तो उघडायला हवा.

सगळ्यात फसवा काटा

गाडी गरम होत होती, काटा वर होता आणि अचानक खाली पडला. चालकाला वाटतं, झालं बरं, गाडी थंड झाली. इथेच इंजिन जातं. पाणी गळून पातळी इतकी खाली गेली की सेन्सर पाण्याबाहेर येतो. त्याला आता नुसती वाफ किंवा हवा लागते, म्हणून काटा कमी दाखवतो, आत मात्र हेड भाजत असतं. काटा पडला आणि हीटरमधून गरमऐवजी गार हवा यायला लागली तर पाणी संपलंय असंच समजावं.

अशा वेळी इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावं. झाकण उघडू नये. ते आतला दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर तापलेलं असतं आणि झाकण सैल होताच तोंडावर उसळतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

पाणी भरूनही ते पुन्हा पुन्हा कमी होतंय, गळती कुठे दिसत नाही, सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय, ऑईल चहासारखं दुधाळ झालंय किंवा चालू इंजिनात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येताहेत, तर मात्र हेड गॅस्केटचाच संशय. तेव्हा मिस्त्री हेड खोलू म्हणाला तर त्याचं ऐकावं, आणि गाडी चालवत नव्हे, ओढून न्यावी.