प्रचाराच्या तोफा थंडावल्यानंतर : ४८ तासांची शांतता आणि बदलती माध्यमे

मतदान संपण्याच्या निर्धारित वेळेपूर्वीचे ४८ तास निवडणुकीच्या परिभाषेत 'शांतता कालावधी' म्हणून ओळखले जातात. प्रचाराचा गदारोळ थांबावा आणि मतदाराला शांतपणे निर्णय घेता यावा, हा त्यामागील हेतू आहे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२६ नुसार या काळात संबंधित मतदान क्षेत्रात निवडणुकीच्या जाहीर सभा व मिरवणुका, तसेच चित्रपट, दूरचित्रवाणी वा तत्सम साधनांद्वारे निवडणूकविषयक मजकूर दाखविणे निषिद्ध आहे. उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. मुद्रित माध्यमांचा मात्र या कलमात उल्लेख नाही.

ही बंदी मतदान क्षेत्रापुरती आहे. प्रक्षेपणाला अशी सीमा नसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पुणे जिल्ह्यातील बारामती मतदारसंघात ७ मे रोजी, तर पुणे, मावळ आणि शिरूरमध्ये १३ मे रोजी मतदान झाले. बारामतीत प्रचार थांबला, तेव्हा शेजारच्या मतदारसंघांत तो कायद्याने खुला होता आणि तेथील सभा वाहिन्यांवरून बारामतीच्या घराघरांत पोहोचू शकत होत्या.

चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिन्यांना सतत नवे दृश्य लागते. त्यामुळे तासाभराच्या भाषणातील सर्वांत खळबळजनक वाक्य तेवढे उचलले जाते, 'ब्रेकिंग न्यूज' म्हणून दिवसभर फिरते आणि तुकड्याच्या रूपात भ्रमणध्वनीवर येते. नेत्यांची भाषाही या गरजेनुसार घडू लागते. धोरणाच्या विवेचनापेक्षा आरोपाला अधिक प्रसिद्धी मिळते. अखेरच्या ४८ तासांत असा आरोप झाल्यास, ज्याच्यावर तो झाला त्या उमेदवाराला आपल्या मतदारसंघात सभा घेऊन उत्तर देता येत नाही. शांततेची तरतूद अशा वेळी त्यालाच अडचणीची ठरते.

मतदानोत्तर चाचण्यांबाबत कायदा अधिक व्यापक आहे. कलम १२६अ अन्वये पहिल्या टप्प्याच्या मतदानाच्या प्रारंभापासून अखेरच्या टप्प्याचे मतदान संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत त्यांचे निष्कर्ष मुद्रित व इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही माध्यमांत प्रसिद्ध करता येत नाहीत.

निवडणूक आयोगाने नेमलेल्या उमेश सिन्हा समितीने २०१९ मध्ये अहवाल सादर केला. त्याच वर्षी समाजमाध्यम कंपन्यांनी स्वैच्छिक आचारसंहिता स्वीकारली. शांतता कालावधीतील उल्लंघनाची आयोगाकडून सूचना मिळाल्यावर तीन तासांत कार्यवाही करण्याची हमी तीत आहे. मुद्रित व समाजमाध्यमांना कलम १२६ च्या कक्षेत आणण्याची समितीची शिफारस मात्र २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत कायद्यात उतरली नव्हती.