दोन दरवाजे

जबलपूरच्या बाजारात कमानिया गेटखाली आमची रिक्षा गर्दीत अडकली, तेव्हा नातीनं विचारलं, "आजोबा, हे कुठल्या राजानं बांधलं?"

तिचा प्रश्न साहजिक होता. भोवती सराफ्याचा जुना बाजार आणि मध्ये ही उंच कमान. कुणालाही वाटावं, जुन्या तटबंदीचा हा उरलेला दरवाजा असेल. शिवाय आदल्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं, की १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. पण या दरवाजाशी कुठल्याच राजाचा संबंध नाही. मार्च १९३९ मध्ये इथून जवळच भरलेल्या काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाची ती आठवण आहे.

मुलगा नोकरीसाठी तोक्योत असतो. त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हाचा शहर पाहण्याचा दिवस मला आठवला. सकाळी आसाकुसाचं सेन्सोजी मंदिर पाहिलं. तिथल्या कामिनारीमोन दरवाजात, भल्यामोठ्या लाल कंदिलाखाली, नातीचा फोटो काढला. तोही दरवाजा मला पुरातन वाटला होता. मूळचा दरवाजा १८६५च्या आगीत गेला, आजचा १९६०चा. दुपारी सुगिनामी भागातल्या रेन्कोजी या लहानशा मंदिरात गेलो. नेताजींच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी सप्टेंबर १९४५ पासून तिथे ठेवलेल्या आहेत. त्यांच्याबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. अंगणात नेताजींचा अर्धपुतळा आहे. नातीनं त्यालाही नमस्कार केला होता.

"ते तोक्योतले आजोबा आठवतात? हे गेट त्यांच्या गोष्टीतलं आहे," मी म्हणालो.

सुभाषबाबूंचा जबलपूरशी संबंध त्याआधीचा. जानेवारी १९३२ मध्ये त्यांना कल्याणला अटक झाली. आधी शिवनीच्या आणि मग जबलपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं गेलं. त्या मध्यवर्ती कारागृहाला आज त्यांचंच नाव आहे. सात वर्षांनी ते याच शहरात अध्यक्ष म्हणून आले. जानेवारी १९३९च्या निवडणुकीत त्यांनी पट्टाभी सीतारामय्यांना दोनशेहून अधिक मतांनी हरवलं होतं आणि पट्टाभींचा पराभव गांधीजींनी आपला मानला होता. फेब्रुवारीत कार्यकारिणीतल्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले.

अधिवेशन बावन्नावं, म्हणून मिरवणुकीत बावन्न हत्ती होते. रथात मात्र अध्यक्षांची तसबीर होती. ते स्वतः तापानं फणफणलेले होते. मंडपात त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं. भाषण थोरले बंधू शरदबाबूंनी वाचलं. गांधीजी तेव्हा राजकोटला होते. गोविंद वल्लभ पंतांचा ठराव इथेच मंजूर झाला : अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. निवडून आलेल्या अध्यक्षाचे हात त्यानं बांधले गेले. एप्रिलअखेर कलकत्त्याला सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक काढला आणि १९४३ मध्ये ते जर्मनीहून पाणबुडीनं पूर्वेकडे येऊन तोक्योला पोहोचले.

तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. तरी आमच्या घरी त्रिपुरीची आठवण निघे ती हत्तींपुरतीच. ठरावाबद्दल कुणी बोलत नसे. गांधीजी आणि सुभाषबाबू, दोघांच्याही तसबिरी एकाच भिंतीवर होत्या. भांडणाचा विषय काढला तर एक तसबीर उतरवावी लागेल, अशी भीती असावी. या कमानीकडे पाहूनही मिरवणूकच डोळ्यांपुढे येते. मंडपात काय झालं, ते सांगणाऱ्यानं सांगावं लागतं.

गेटजवळ खव्याची जिलबी खाऊन आम्ही भेडाघाटच्या वाटेला लागलो. वाटेत तेवर गाव लागतं. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. अधिवेशनाला नाव इथूनच मिळालं.

"मग जिंकलं कोण?" नातीनं विचारलं.

मी तिला सांगितलं, की मतं सुभाषबाबूंना जास्त पडली आणि तरी त्यांना पद सोडावं लागलं. आणि हेही सांगितलं, की १९४४ मध्ये त्याच सुभाषबाबूंनी रेडिओवरून गांधीजींना राष्ट्रपिता म्हटलं, आणि १९५७ मध्ये नेहरू तोक्योला गेले तेव्हा रेन्कोजीलाही जाऊन आले.

"म्हणजे भांडण मिटलं?"

"भांडण राहिलं," मी म्हणालो, "पण माणसं एकमेकांना विसरली नाहीत."