सहा आठवड्यांची मुदत

राजर्षी शाहूंचे नाव निघाले की १९०२ मधला पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा हमखास आठवतो. जानेवारी १९१९ मधल्या एका हुकमाची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही. महसूल, न्याय आणि इतर खात्यांतल्या अधिकाऱ्यांना तो बजावला होता. कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना आपुलकीने आणि बरोबरीने वागवा; ज्याची तयारी नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनाम्याची नोटीस द्यावी, त्याला पेन्शन मिळणार नाही. राखीव जागा येण्यापूर्वी, १८९४ साली, सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. राखीव जागांमुळे नवा माणूस कचेरीच्या दारातून आत आला, पण साहेब त्याला कशी हाक मारणार, काम सांगणार की पाणउतारा करणार, हे १९०२ चा जाहीरनामा ठरवू शकत नव्हता. १९१९ च्या हुकमाने ते ठरवले, आणि तेही साहेबाच्या मनपरिवर्तनाची वाट न पाहता. मनात काय असेल ते असो, वागणूक सुधारा, नाहीतर पेन्शनवर पाणी सोडा. म्हातारपणाची सोय ज्या कागदावर अवलंबून होती, त्याच कागदाला हात घातला गेला.

छळणारी माणसे जात्याच खुनशी असतात, त्यांना नियम काय करणार, असे यावर कोणी म्हणेल. खुनशी माणसे असतात, यात शंका नाही. पण नुसते माणसाच्या मनावर बोट ठेवून काय होते, ते कोल्हापूरनेच पाहिले होते. वेडे ठरवून पहाऱ्यात ठेवलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केला. आधार होता बर्व्यांच्या म्हणून पुढे आलेल्या पत्रांचा. पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागूनही जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची कैद झाली. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, विशीतले महाराज वारले. बर्व्यांच्या मनात काय होते, हा वाद मला दुय्यम वाटतो. वेडा ठरलेल्या माणसाने दाद मागायची कोणाकडे? ती सोयच नव्हती, म्हणून सगळा भार चोरवाटेने आलेल्या पत्रांवर पडला, आणि पत्रांबरोबर छळाचा प्रश्नही कोर्टात निकालात निघाला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: हा हुकूमही शेवटी एका राजाच्या मर्जीवरच उभा होता. ते नाकारता येत नाही. गंगाराम कांबळे हा शाहू महाराजांच्याच पागेतला अस्पृश्य नोकर. मराठ्यांच्या हौदाला शिवल्याबद्दल बरोबरच्या नोकरांनी त्याला बेदम मारले, तेव्हा महाराज गावात नव्हते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना स्वतः शिक्षा केली, ही गोष्ट कोल्हापुरात आजही चवीने सांगितली जाते. मला त्यात दिलासा कमी दिसतो. धनी येईपर्यंत न्याय थांबला होता, आणि १९१९ चा हुकूम तर फक्त अधिकाऱ्यांना बांधणारा. खांद्याला खांदा लावून राबणारे सोबतीच अंगावर आले तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. गंगारामने पुढे पागा सोडली आणि महाराजांच्या मदतीने चहाचे हॉटेल काढले. तिथला चहा महाराज स्वतः पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत.