बालदम्यातील श्वसनौषधी-साधने

बालदम्यातील श्वसनौषधी-साधने : दम्याची उबळ आली असता आवळलेल्या श्वासनलिकांचे स्नायू शिथिल करणारे सालब्युटामॉलसारखे औषध श्वासावाटे फुप्फुसात पोहोचविणारी उपकरणे. तेच औषध पोटात दिल्यास मात्रा अधिक लागते, गुण उशिरा येतो आणि हातांचा कंप व छातीची धडधड वाढते. सबब श्वासमार्गच प्रशस्त होय.

लोक ज्याला ‘पंप’ म्हणतात तो मापित मात्रेचा फवारा अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेने १९५६ मध्ये प्रचारात आणला. परंतु फवारा सुटण्याचा क्षण आणि श्वास आत घेण्याचा क्षण यांचा मेळ प्रौढांनाही नीट साधत नाही, मग धाप लागून घाबरलेल्या मुलाला तो कोठून साधणार? बरेचसे औषध घशातच बसते. हे वैगुण्य ‘स्पेसर’ ही झडपेची पोकळ नळी दूर करते : फवारा तिच्यात क्षणभर साठतो व मूल आपल्या गतीने पाच-सहा श्वासांत तो ओढून घेते. अगदी लहान मुलांसाठी तिला मुखवटा जोडतात. रोटाहेलरसारख्या साधनातील भुकटी जोराने ओढावी लागते, आणि उबळीत नेमका तोच जोर नसतो.

नेब्युलायझर हवेच्या वा ऑक्सिजनच्या झोताने द्रव औषधाचे तुषार करतो. त्याला ‘वाफ’ म्हणण्याचा रिवाज असला, तरी त्यात काहीही उकळत नाही. फवाऱ्याची एक मात्रा १०० मायक्रोग्रॅमची, तर नेब्युलायझरची नेहमीची कुपी २.५ मिलिग्रॅमची, म्हणजे पंचवीसपट. मात्र तिच्यातील पुष्कळसा अंश हवेत व यंत्रातच वाया जातो. यंत्राच्या घरघरीवर पालकांचा जो इतबार असतो, त्याला शास्त्राचा तितका आधार नाही : कॉक्रेन संस्थेच्या तौलनिक समीक्षेत, प्राणघातक नसलेल्या उबळीत, स्पेसर कोठेही उणा ठरला नाही, उलट त्याने मुलांचा रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षातील मुक्काम घटला व नाडीही कमी वाढली. रक्तातील ऑक्सिजन उतरलेल्या गंभीर रुग्णास मात्र ऑक्सिजनवर चालणारा नेब्युलायझरच योग्य.

विकतचा स्पेसर न परवडणाऱ्यांसाठी केपटाउन येथील संशोधकांनी ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडास भोक पाडून त्यात फवारा घट्ट बसविला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच गुणकारी ठरली.

प्लॅस्टिकचा स्पेसर साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवून, न पुसता, आपोआप वाळू द्यावा. फडक्याने घासल्यास स्थिर विद्युत्भार निर्माण होऊन औषध भिंतीलाच चिकटते.